विहीणबाईंसाठी दोरा

फोन विहीणबाईंचा होता, तोही भर दुपारी. दुपारी त्या कधी फोन करत नाहीत. आगाशीला त्यांची वाडी आहे. दुपारी तिथे झाडांना पाणी सोडायचं असतं, नाहीतर उन्हात वाळवून सुकेळी करायला केळी सोलायची असतात, नाहीतर कुणी पाहुणा जेवायला थांबलेला असतो. माझी लेक पोटुशी होती आणि सासरी त्यांच्याजवळच होती, म्हणून मी धास्तावूनच फोन उचलला.

“विहीनबाई, एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “मशीनवर बाळासाठी गोधडी शिवायला दोरा कोनता घेऊ? आनि सुई कितीची लागते?”

पोरगी सुखरूप आहे म्हटल्यावर जिवात जीव यायला हवा होता. तो आला, पण टिकला नाही. लगेच कानापासून गळ्यापर्यंत काहीतरी गरम उतरत गेलं. त्याला मत्सर म्हणतात. मी त्याला उगाच दुसरं गोंडस नाव देणार नाही.

लग्न झाल्यापासून माझ्या लेकीच्या तोंडी एकच पालुपद होतं. आईंच्या हातची केळफुलाची भाजी. आईंचं लोणचं. आईंनी दारात लावलेला सोनचाफा. तिच्या बोलण्यात मी आई आणि सासूबाईही आईच. फरक एवढाच की त्यांना ती अहो म्हणते आणि मला अगं. दोघी एका खोलीत असलो आणि तिने “आई” म्हणून हाक मारली की दोघीही मान वर करतो. बहुतेक वेळा हाक त्यांना असते. मी मग मान खाली घालून पुन्हा भाजी निवडायला लागते, जणू काही मी वर पाहिलंच नव्हतं.

तर केळफूल गेलं, लोणचं गेलं, चाफा तर माझ्याकडे नव्हताच. विरारच्या फ्लॅटच्या गॅलरीत तुळस जगते तेच पुष्कळ. माझी अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे गोधडी. माझं माहेर साताऱ्याकडचं. तिकडे गोधडी हाताने शिवतात, पण मी इकडे आल्यावर मशीनवर शिवायला लागले आणि त्यात माझा हात बसला. आमच्या बिल्डिंगमधल्या कितीतरी घरांत माझ्या गोधड्या आहेत. जुन्या साड्या घेऊन बायका माझ्याच दारात येतात. आता विहीणबाईंना तीही हवी होती. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं मी फोन ठेवल्यावर यांना म्हणालेसुद्धा. हे म्हणाले, “अगं, नुसता दोरा विचारला त्यांनी.” पुरुषांना यातलं काही कळत नाही.

पहिलं बाळंतपण आमच्याकडे होणार होतं. रीतच आहे ती, आणि पाळणाही आजोळचा असतो. पाळण्यातली गोधडी मग कुणाची असणार? आजोळचीच ना! बाळाच्या आधी त्याच्यासाठी नवं कापड आणायचं नाही, जुन्या सुती साड्यांचंच सगळं करायचं, हे आम्ही दोन्ही घरं पाळतो. म्हणून मी माझ्या दोन मऊ पडलेल्या साड्या बाजूला काढूनच ठेवल्या होत्या. माझ्या नातवंडाने पहिल्यांदा माझ्या गोधडीवर झोपावं, एवढीच माझी इच्छा होती. लेक त्यांनी आपलीशी केली तर केली. हे तरी माझं असू दे, असं मला वाटत होतं.

फोनवर मी म्हणाले, “असं फोनवर सांगून कळायचं नाही. तुम्ही विरारला या, आपण दुकानातच जाऊ.” खरं म्हणजे मला बघायचं होतं की त्यांचा बेत काय आहे.

त्या बसने आल्या. येताना पिशवीभर सुकेळी, केळीच्या पानात नीट बांधलेली. रिकाम्या हाताने यायचं त्यांना माहीतच नाही, आणि त्याचाही मला राग येतो. बाजारातलं ते दुकान जेमतेम दोन बायका उभ्या राहतील एवढं. मागच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत दोऱ्याची रिळं. विहीणबाईंनी आत शिरल्या शिरल्या ज्या रिळावर बोट ठेवलं ते होतं मोरपंखी, झगमगीत, भरतकामाच्या मशीनवर वापरतात तसल्या दोऱ्याचं.

“हा कसा आहे? चमकतो पन किती!”

माझ्या जिभेवर आलं होतं, घ्या की, छान दिसेल. नुसतं तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो दोरा गुळगुळीत आणि चिवट. जुन्या साडीवर घातला की चार धुण्यांत टाक्यांच्या रेषेवर कापड चिरत जातं. त्यांची गोधडी बारशापर्यंतही टिकली नसती, आणि माझ्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. दुकानदार आमच्याकडे बघत उभा होता. पण दोऱ्याच्या बाबतीत माझ्याच्याने खोटं बोलवत नाही. माणसांच्या बाबतीत बोलते, सगळेच बोलतात.

“तो ठेवा,” मी जरा तोडूनच म्हणाले. “सुती दोरा घ्या.”

मग एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर मी सगळंच सांगितलं. सुती दोरा हातभर उलगडून दोन्ही हातांनी ओढून दाखवला. तो तुटला. “हा असा तुटायलाच हवा. जुन्या कापडाला त्याच्यापेक्षा चिवट दोरा घालायचा नाही. धुताना, पिळताना कशाला तरी हार खावीच लागते. दोरा तुटला तर पुन्हा टाका मारता येतो, कापड फाटलं तर काय करणार? आणि वरचा दोरा तोच खाली बॉबिनमध्ये. वर एक, खाली दुसरा असं करू नका.”

सुईचंही सांगितलं. साडीचे तीनचार पदर असतील तर चौदा नंबर. त्याहून जाड झालं तर सोळा. बायका अठरा नंबर घेतात, कारण ती लवकर मोडत नाही. पण ती जाड असते, जुन्या मऊ कापडाला भोकं पाडून ठेवते. प्रत्येक गोधडीला सुई नवी घालायची. मध्येच टाके सुटायला लागले तर सुई काढून टोक नखावरून ओढायचं. नखावर चरा उठला की ती सुई टाकून द्यायची. शिवण मधून सुरू करून कडेकडे न्यायची, नाहीतर पोटात फुगा येतो.

विहीणबाई मन लावून ऐकत होत्या. रिळाचा फोटो काढला, सुईच्या पाकिटावरच्या नंबराचा फोटो काढला. नखाचं तर त्यांनी मला दोनदा करून दाखवायला लावलं. मग दुकानदाराला म्हणाल्या, “सुया जास्त द्या हो. मोडतील.”

“एका दुपट्याएवढ्या गोधडीला एवढ्या सुया?” मी विचारलं.

“मोडू द्या की,” त्या हसल्या. “सुयाच त्या.”

मला ते हसणं आवडलं नाही. सुई मोडणं हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. सुई मोडते म्हणजे कापड ओढलेलं असतं, म्हणजे हाताला घाई असते. माझ्याकडचं सगळं त्यांना देऊन झालं होतं आणि बसस्टॉपवर परत जाताना मला स्वतःचाच संताप येत होता. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी बाई मी.

घरी आल्या आल्या मी माझी गोधडी शिवायला घेतली. तशी गोधडी मी आधी कधी शिवली नव्हती आणि नंतरही शिवलेली नाही. पदर एकावर एक अंथरून धावदोरा घातला, एक सुरकुती राहू दिली नाही. पांढऱ्याला किंचित पिवळसर झाक असलेला सुती दोरा घेतला, कारण साड्या जुन्या होत्या आणि पांढरा शुभ्र दोरा त्यांच्यावर उपरा वाटला असता. मधून सुरुवात करून तिरक्या रेषा, मग त्यांना छेदणाऱ्या तिरक्या रेषा. शंकरपाळ्या. पट्टी लावून मोजल्या असत्या तरी एक शंकरपाळी दुसरीपेक्षा मोठी निघाली नसती. हे पेपर बाजूला करून म्हणाले, “गोधडी शिवतेस की सूड उगवतेस?” मी मशीन थांबवलं नाही.

मुलगी झाली. लेकीचं सगळं नीट झालं. विहीणबाई दवाखान्यात आल्या त्या पिशवीत गोधडी घेऊनच. मी ती उलगडली तेव्हा, देवाशपथ सांगते, मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी बाळाकडे बघायला लागले. रेषा सरळ म्हणून निघालेली आणि मध्येच कुठेतरी भलतीकडे वळलेली. एका कोपऱ्यात चुण्या. काही ठिकाणी टाका इतका बारीक की कापड गोळा झालेलं, काही ठिकाणी इतका लांब की बाळाचं बोट अडकावं. दोरा मात्र मी सांगितलेलाच, सुईही चौदाच असावी, भोकं नव्हती. “छान झालीय,” मी म्हणाले. अशा वेळी उदार व्हायला काही लागत नाही.

पण घरी आल्यावर लेकीने पाळण्यात ती वाकडी गोधडी घातली.

मला वाटलं, हाताशी होती म्हणून घातली असेल. दुसऱ्या दिवशीही तीच. धुतली, वाळली, पुन्हा तीच. बारशाला मात्र माझी निघाली. सगळ्या बायकांनी शंकरपाळ्यांवरून हात फिरवला, फोटो काढले, मी मोठ्या तोऱ्यात वावरत होते. पाहुणे गेले आणि लेकीने माझी गोधडी घडी घालून कपाटात ठेवली. म्हणाली, “खराब होईल गं, किती सुंदर आहे.”

सुंदर! गोधडी काय दाखवायला असते? ती भिजायला असते, धुवायला असते, तिला बाळाचा वास लागायला हवा. माझी गोधडी कपाटात कोरडी ठणठणीत पडून होती आणि ती चुण्यांची गोधडी दिवसातून किती वेळा ओली होत होती. तान्ह्या पोरीच्या मुताचासुद्धा हेवा वाटावा, अशी वेळ माझ्यावर आली.

मी उपाय करून पाहिले. ती वाकडी गोधडी जराशी ओली झाली की लगेच मी भिजत घालायची, म्हणजे निदान दिवसभर तरी माझी लागेल. पण लेक ती पिळून पंख्याखाली खुर्चीवर टाकायची, तोवर बाळाला मांडीवर घेऊन बसायची. कपाटाकडे वळायची नाही. मी म्हणायची, “अगं, ती दुसरी काढ की.” ती म्हणायची, “वाळतेच आहे आता.” बाळाला न्हाऊमाखू घालताना, शेक देताना, लेकीला डिंकाचा लाडू हातात देताना माझं सगळं लक्ष त्या खुर्चीकडे. सगळं मीच करत होते. आणि पाळण्यात विहीणबाई होत्या.

शेवटी एका सकाळी माझा तोल गेला. कपडे घडी घालताना ती गोधडी माझ्या हातात आली. लेक पलंगावर बाळाला पाजत बसली होती. मी गोधडी तिच्यासमोर धरली आणि म्हणाले, “हे टाके बघ. वाट चुकलेल्या मुंग्या बऱ्या. तुझ्या सासूबाईंना एवढं समजावून सांगितलं, दोरा हातात दिला, सुई हातात दिली, आणि त्यातून हे? ज्या बाईला सरळ रेघ मारता येत नाही तिने मशीनला हात कशाला लावायचा?”

लेक बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “मी शिवलीय ती.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. “काय?”

“ती मी शिवलीय, आई. आईंना नाही मशीन येत. त्यांच्या सासूबाईंचं जुनं पायमशीन आहे ना ओटीवर, त्याच्यावर मी शिवली. दुपारी.”

माझी लेक नववीत असताना मी तिला मशीनवर बसवलं होतं. शिकवावं म्हणूनच बसवलं होतं. ती बसली की मी मागे उभी राहायची, कारण शिकवणारी बाई मागेच उभी राहते. तिचा हात चुकला की मी वरून कापड धरायची. सुई मोडली की सांगायची की का मोडली. माझ्या आईने मला तसंच शिकवलं, आणि मी शिकले. लेक मात्र एक दिवस उठली आणि म्हणाली, मला अभ्यास आहे. त्यानंतर तिने मशीनवरचं कव्हरसुद्धा उचललं नाही. मी लोकांना हसून सांगायची की आमच्या मुलीला सुई धरता येत नाही.

“मग सासूबाईंना तुला कसं काय शिकवता आलं?” मी विचारलं.

“त्यांनी कुठे शिकवलं? त्या माझ्याकडे पाठ करून बसायच्या, सुकेळी बांधायला. मी काही मोडलं की म्हणायच्या, मोडू दे, सुयाच त्या.”

“आणि दोरा विचारायला त्यांना लावलंस?”

“तुझ्याइतकं कुणाला कळतं त्यातलं?”

“मग मलाच विचारायचं होतंस ना!”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. “तू लगेच आली असतीस,” ती म्हणाली.

आले असते. पुढच्या बसने आले असते. तिच्या मागे उभी राहिले असते आणि त्या गोधडीतली एक रेष वाकडी जाऊ दिली नसती. माझी विद्या तिला हवी होती, फक्त मी नको होते. दुकानात विहीणबाई फोटो काढत होत्या ते हिला पाठवायला, नखाचं दोनदा विचारलं ते हिला सांगायला. माझ्या तोंडचा शब्द न् शब्द माझ्याच लेकीपर्यंत पोहोचला होता, दुसऱ्या बाईच्या हातून.

तुम्हाला वाटेल, हे कळल्यावर माझा मत्सर गेला असेल. कसला जातोय! आधी मला वाटत होतं की त्या बाईने माझी गोधडी घेतली. आता कळलं की तिला गोधडीतलं ओ की ठो कळत नाही आणि तरीही, नुसती पाठ करून बसून, तिने ते मिळवलं जे मला मागे उभं राहून मिळालं नाही. गोधडीत हरले असते तर मी दुसरी शिवली असती. पाठ करून बसायची स्पर्धा मी कशी लढणार?

त्यानंतर मी ती गोधडी धुताना वेगळी धुवायला लागले. हाताने, साबण कमी लावून. लांब टाक्यांवरून बोट फिरवलं की कळायचं, इथे तिने पाय जोरात मारला असणार. बारीक टाके होते तिथे ती घाबरली असणार. एका जागी रेष वळून पुन्हा जागेवर आली होती. तिथे बहुतेक बाळ पोटात हललं असेल. एका ठिकाणी दोरा तुटला होता. माझ्याकडे तोच दोरा होता, मशीनवर घातली असती तर दोन मिनिटांचं काम. मी ती तशीच ठेवली. तिचा टाका मला माझ्या टाक्याखाली झाकायचा नव्हता.

सव्वा महिना झाला आणि विहीणबाई सुनेला आणि नातीला न्यायला आल्या. या वेळी पिशवीत चाफा. मी त्यांना चहा दिला आणि सरळच विचारलं, “मशीन येत नाही म्हणे तुम्हाला.”

“नाय हो,” त्या खळखळून हसल्या. “मी फक्त बटनं लावते. पोरीनं शपथ घातलेली, तुम्हाला सांगायचं नाय म्हनून. पन मी म्हटलं, दोरा विचारायचा तर विहीनबाईंनाच.” आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “गुन तुमचाच आहे तिच्यात. रक्तातच आला तो.”

वाईट स्वभावाची बाई असती तर किती बरं झालं असतं. राग धरायला सोपं पडलं असतं.

आत लेक बॅग भरत होती. शंकरपाळ्यांची गोधडी तिने आधीच भरली होती, तळाशी, नीट. वाकडी पलंगावर होती. मी ती उचलून छातीशी धरली आणि म्हणाले, “ही इथे राहू दे माझ्याकडे.”

“का गं?”

“तुझ्या हातची पहिली आहे. मला हवीय.”

लेक थांबली. “आई, ती आईंना कबूल केलीय मी,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशीच. बाळाचं झालं की ती त्यांची. तुला मी दुसरी शिवेन ना. आता हात बसलाय माझा. दुसरी बघ कशी सरळ होईल.”

विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. “अगं, दे त्यांनाच,” त्या लगेच म्हणाल्या. “मला काय करायचीय? त्यांचा पहिला मान.”

त्या अगदी मनापासून म्हणत होत्या. मी नुसती मान हलवली असती तर गोधडी माझी झाली असती. पण मग ती मला त्यांनी दिलेली झाली असती.

“नको, नको, तुमचीच आहे ती,” मी म्हणाले. गोधडीची घडी घातली, कोपऱ्यातल्या चुण्या हाताने सारख्या केल्या, आणि माझ्याच हाताने त्यांच्या पिशवीत ठेवली. लेक माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, आईची समजूत पटली. मला सरळ टाक्यांची दुसरी गोधडी नको होती. मला ती वाकडीच हवी होती.